गाडा कुणाच्या शिवेत?

कोरोनानंतर प्रतिकारशक्ती विकत मिळू लागली. टेंभुर्णीच्या बाजारात, करमाळ्याच्या मेडिकलमध्ये, जत्रेतल्या पालावर ती पुडीत, डब्यात आणि बाटलीत भरून ठेवलेली असते. घरातला कर्ता माणूस दोन-तीनशे रुपये मोडून एखादी बाटली आणतो, मुलांना चमचा-चमचा पाजतो आणि आपण घर राखले या समाधानाने झोपतो. घरातल्या माठात पाणी कुठून आले, सुनेने सकाळपासून काय खाल्ले, धाकट्याचा गोवराचा दुसरा डोस झाला का, हे त्याला विचारा. सांगता येणार नाही. मला त्या माणसाला दोष द्यायचा नाही, त्याची माया खरी आहे. पण त्याच्या मायेचा कुणीतरी धंदा केला आहे, आणि उजनी धरणाच्या काठावर हा धंदा जिवावर बेततो.

शरीराची प्रतिकारशक्ती चमच्याने वाढत नाही. ती आईच्या दुधातून, रोजच्या ताटातून, पिण्याच्या पाण्यातून, पुऱ्या झोपेतून आणि वेळेवर टोचलेल्या लसीतून घडते. शिवाय ती एकट्याची नसते. शेजारच्या वस्तीवरचे मूल उघडे पडले असेल, तर आपल्या घरातले मूलही अर्धे उघडेच असते. हे सांगायला उजनीसारखी दुसरी जागा मला सुचत नाही, कारण एकाच्या घरातून बाहेर पडलेले पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते हे इथे उघड्या डोळ्यांना दिसते.

भीमाशंकरच्या डोंगरात निघालेली भीमा तुळापूरला इंद्रायणीला सोबत घेते. मुळा, मुठा आणि पवना या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सगळे पोटात घालून दौंडच्या वर भीमेला मिळतात. पुढे हे सारे पाणी उजनीच्या भिंतीशी येऊन थांबते. १९८० साली धरण पूर्ण झाले. त्यासाठी करमाळा, माढा, इंदापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या लोकांनी आपली घरे, देवळे, काळ्या रानाचे पट्टे पाण्याखाली दिले. पळसदेवाचे जुने देऊळ अजूनही कडक उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते. त्या त्यागावर सोलापूर जिल्ह्याचा ऊस उभा राहिला, कंदरची केळी परदेशात गेली, सोलापूर शहराच्या नळाला पाणी आले. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा. पावसाने दगा दिला की तोही उपसावा लागतो आणि जिल्हाभर एकच बोलणे सुरू होते, ‘धरण मायनसमध्ये गेलं.’ २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेले होते.

पाणी आटते, पण वरून येणारा मैला आटत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या सांडपाण्यावर प्रक्रिया होत नाही, हे त्या महापालिकांच्याच पर्यावरण अहवालांत वाचायला मिळते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जाचा करार २०१६ साली झाला. त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले. केत्तूर, कुगाव, चिखलठाणच्या बाजूला अजूनही उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते, उग्र वास सुटतो, आणि जाळे घेऊन पाण्यात उतरणारे सांगतात की अंगाला खाज सुटते. खाज दिसते म्हणून तिची बातमी होते. पोटात काय होते ते दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

दूषित पाण्यातला जंतू तोंडावाटे आत गेला की त्याची पहिली गाठ जठरातल्या आम्लाशी पडते. धडधाकट माणसाच्या जठरात पुष्कळसे जंतू तिथेच मरतात. ज्याचे पोट वर्षानुवर्षे अर्धेच भरले आहे, त्याच्या जठरात आम्ल कमी तयार होते. आणि जो कुणाला न विचारता रोज सकाळी उठल्या उठल्या पित्ताची गोळी घेतो, तो हा पहिला अडसर स्वतःच्या हाताने काढून ठेवतो. पुढे आतडे. त्याच्या अस्तरावर बोटांच्या आकाराचे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर चिकट द्रवाचा थर असतो आणि त्या थरात शरीराने सोडलेली प्रतिपिंडे जंतूंना धरून ठेवतात. शरीराच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा भाग या आतड्याच्या आसपासच राहतो. ज्या पेशी एखाद्या जंतूला एकदा ओळखतात त्यांतल्या काही स्मृतिपेशी होऊन मागे उरतात, आणि तोच जंतू पुन्हा आला की त्या दिवसांचे काम तासांत करतात. लस हीच ओळख आजाराशिवाय करून देते.

आता एखादे बाळ रांगायला लागल्यापासून रोज थोडेथोडे मैलामिश्रित पाणी पिते आहे, मातीचे हात चाटते आहे, असे समजा. त्याला दर वेळी जुलाब होतीलच असे नाही. दिसायला ते बरे दिसते. पण आतड्याचे अस्तर सतत सुजलेले राहते, ते उंचवटे झिजून आखूड होतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. जे काही अंगी लागते त्यातला मोठा वाटा वाढीला न जाता रोजच्या त्या झुंजीत खर्च होतो. आई म्हणते, ‘खातंय चांगलं, पण भरत नाही.’ ती खरेच बोलते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. यात अन्नाची टंचाई आहेच. पण पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय तो आकडा समजत नाही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. अशा सुजलेल्या आतड्यात तोंडावाटे दिलेली लसदेखील नीट रुजत नाही. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की तोंडावाटे पोलिओचे तीन डोस दिल्यावर परदेशातल्या मुलांत जेवढी प्रतिपिंडे तयार होतात, तेवढी आपल्या मुलांत होत नाहीत. म्हणून आपल्याला दोन थेंब पुन्हा पुन्हा पाजावे लागले, घरोघर फिरावे लागले, आणि तेव्हा कुठे २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही. रोटाव्हायरसच्या लसीचेही तसेच झाले. श्रीमंत देशांत ती गंभीर जुलाब ८५ टक्क्यांहून अधिक घटवते. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे आपल्या ‘रोटाव्हॅक’ची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्या वर्षातले संरक्षण ५६ टक्क्यांच्या आसपास भरले. याची कारणे अनेक आहेत: आईकडून आलेली प्रतिपिंडे, पोटातले इतर विषाणू, कुपोषण, आतड्याची सूज. यातून ‘मग लस कशाला’ असा अर्थ कुणी काढू नये. ज्या देशात जुलाबाने इतकी बाळे दगावतात तिथे निम्मे संरक्षणही हजारो जीव वाचवते. अर्थ एवढाच की लसीचे उरलेले काम पाण्याने करायचे असते, आणि आपण ते करू देत नाही.

रोटाव्हायरसची एक लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि आपल्या लसीकरण कार्यक्रमात बाळांना पाजली जाते. त्याच शहराचा मैला नदीतून उजनीत येतो आणि काठावरच्या बाळांच्या आतड्यात लसीचा परिणाम कमी करू शकतो. पुण्यात राहणाऱ्या माझ्या वाचकांनी या दोन वाक्यांवर कृपा करून थांबावे. थंडीत कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला तुमच्या गाड्या येतात. पक्षी जरूर पाहा, पण परत गेल्यावर आपल्या नगरसेवकाला, आपल्या सोसायटीच्या सभेला विचारा की आपल्या संडासाचे पाणी नेमके कुठे जाते.

आणि हा प्रश्न काठावरच्या गावांवर उपकार म्हणून विचारायचा नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ उठली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत रुग्ण एकवटले होते. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. या साथीतला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात झाला. रुग्ण पुण्याहून आलेला होता. हा आजार कसा होतो हे समजून घेतले तर प्रतिकारशक्तीविषयीचा आपला भाबडा समज गळून पडतो. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मटणातून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. चार दिवस जुलाब होतात आणि थांबतात. त्या जंतूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंशी फार मिळतेजुळते असतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ती जंतू सोडून आपल्याच नसांवर चालून जातात. पायांतले बळ जाते, मग दुबळेपणा वर वर सरकतो, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. या जंतूची बाधा झालेल्या हजारांत एखाद्यालाच असे होते. पण पाणीपुरवठाच बाधला की त्या एखाद्याचे शेकडो होतात. पुण्याच्या रुग्णांपैकी काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू सापडला.

म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त असली की झाले, असे नाही. जीबीएसमध्ये ती कमी नसते, चुकलेली असते. डेंग्यूच्या एका प्रकारातून उठलेल्या माणसाला काही वर्षांनी दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर आधीची प्रतिपिंडेच त्या विषाणूला पेशीत शिरायला मदत करू शकतात आणि दुखणे अधिक गंभीर होते. कोरोनात कितीतरी माणसे विषाणूपेक्षा स्वतःच्या शरीराच्या भडकलेल्या प्रतिसादाने गेली. शरीराला हवा असतो तोल, आणि तो कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

आपल्याकडे जुन्या काळी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढत. लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात हिरवी चोळी-बांगड्या, लिंबू, नैवेद्य ठेवायचा, वाजतगाजत गावातून फिरवायचा आणि शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. आपल्या गावची पीडा गेली. मग पलीकडच्या गावाने तो आणखी पुढच्या शिवेवर ढकलायचा. त्या माणसांना पटकीचा जंतू पाण्यातून येतो हे ठाऊक नव्हते, भीतीने ती वेडीपिशी झाली होती. त्यांना क्षमा आहे. पण सारे ठाऊक असून, प्रयोगशाळा आणि अभियंते हाताशी असून जे शहर आपली घाण खालच्या गावाच्या शिवेत सोडते, ते आजही गाडाच ढकलते आहे. त्याला क्षमा कशी करायची?

त्याच काळात उलट्या दिशेने चालणारी माणसेही या महाराष्ट्रात होती. १८९७ साली प्लेगने थैमान घातले होते. घरोघरी लोक आजाऱ्याला लपवत होते किंवा टाकून पळत होते. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला मुंढव्याच्या वस्तीतून पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना बाधा झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शिवेबाहेर टाकलेल्याला शिवेच्या आत आणणे, एवढेच त्यांनी केले. आपली परंपरा कोणती, हे निवडायचा अधिकार आपल्याला आहे.

इथवर उजनीकाठच्या वाचकाला माझे म्हणणे पटत आले असेल. आता बोट आपल्याकडे वळवतो.

उजनीतून भीमेत सुटलेले पाणी पंढरपूरला जाते. तिथे चंद्रभागेत लाखो वारकरी स्नान करतात, ओंजळीने तीर्थ पितात. आपल्या गावाची गटारे कुठे उतरतात? संडास बांधले, फोटो काढले, अनुदान घेतले, आणि पाणी उतरले की म्हातारी माणसे अजून गाळपेऱ्याच्या कडेलाच बसतात. गाडगेबाबा आयुष्यभर हाती खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात आपल्यातल्या कितीतरी गावांनी बक्षिसांसाठी जीव तोडून काम केले होते. बक्षिसांचा उत्साह ओसरला आणि खराटे कोपऱ्यात गेले. पुण्याला जाब विचारायला निघालेल्या गावाचा स्वतःचा ओढा आधी स्वच्छ पाहिजे, नाहीतर त्या जाबाला वजन येत नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टाकीत टीसीएल पावडर टाकणे, ती विरघळल्यावर किमान अर्धा तास जाऊ देणे, मग नळाच्या शेवटच्या टोकाला पाणी घेऊन ओटी चाचणी करणे आणि तिथेही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरते का ते पाहणे, हे त्याचे काम. टाकीजवळ सगळेच ठीक निघते. शेवटच्या वस्तीवर काय निघते ते महत्त्वाचे. आणि तिथे आपण काय करतो? ‘पाण्याला औषधाचा वास येतोय’ म्हणून सरपंचाकडे तक्रार नेतो. सरपंच मतदाराला दुखवत नाही, पावडर कमी होते, आणि पंधरा दिवसांनी शाळेत कावीळ निघते. तो वास येतो म्हणजे पाण्यात अजून औषध शिल्लक आहे. तो नाही आला तर विचारायला जायला हवे. पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून आरोग्य खाते गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत किती जणांनी विचारले? ज्यांना परवडते त्यांनी जारचे पाणी लावून घेतले आणि विषय संपवला. पण जारवाल्याचे मूल ज्या अंगणात खेळते तिथे नळाचे पाणी पिणारी मुलेच असतात, आणि त्याच्या घरी भाकरी थापणारी बाई वस्तीवरून येते.

ताटाचे बोलायचे तर ते बायकांचे बोलावे लागते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, ही त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतली नोंद. घरात दूध डेअरीला जाते, अंडी विकली जातात, धरणातला चिलापी मासा बाजारात जातो. उरलेले पुरुष आणि मुलगे खातात. सून शेवटी कालवणाचे भांडे पुसून घेते. प्रतिपिंडे प्रथिनांचीच बनतात. ताटात डाळ, अंडे, मासा नसेल तर शरीर ती कशाची बनवणार? झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा शिधा दिला. घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. औषध नाही, इंजेक्शन नाही, मुख्यतः पोटभर नीट अन्न. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारे सरकारी पैसे २०२४ च्या नोव्हेंबरपासून महिना ५०० वरून १००० रुपये झाले आहेत. ते त्याच्याच ताटात जातात की पोराच्या मोबाइलमध्ये, हे घरच्यांनीच पाहायचे. सुनेने सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसावे, ही गोष्ट सासूबाईंनी एका वेळेला ठरवली तर त्याच दिवशी घडू शकते. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर आपण माहिती असून चुकतो. बाळंतिणीचा पहिला चीक दाट, पिवळसर असतो; ‘जड आहे, बाधेल’ म्हणून पिळून टाकणारी घरे अजून आहेत. त्या चिकात आईची तयार प्रतिपिंडे असतात आणि ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर जाऊन बसतात. त्याऐवजी बाळाच्या ओठाला मध लावतात, सहाणेवर गुटी उगाळून चाटवतात. सहाण कशाने धुतली, पाणी कुठले, कुणाच्या बोटाने चाटवली? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हे जगभरचे शास्त्र सांगते. उजनीच्या काठावर ते आणखी कळकळीने सांगायला हवे, कारण इथे तो पाण्याचा थेंब कोणत्या गटारातून आला हे कुणाला सांगता येणार नाही.

मग ताप येतो. अंग दुखते, ऊस लावायचा असतो, मजुरी बुडते. ‘डॉक्टर, एक सुई मारा, सलाईन लावा.’ ताप हा बहुतेक वेळा शरीराने जंतूला दिलेला जाब असतो. त्याचे कारण शोधायला एक तपासणी लागते, थोडा धीर लागतो. सुईत कधी स्टेरॉइड असते. त्याने दोन तासांत हुशारी वाटते, कारण ते शरीराचा प्रतिसादच दाबते. जंतू मात्र आत मोकळा वाढतो. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने आपल्या राज्यात किती जणांचे डोळे नेले, जबडे नेले! त्यांतले बहुतेक मधुमेही होते आणि बहुतेकांना स्टेरॉइड दिलेले होते. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत स्टेरॉइडने जीवही वाचतो. अंगदुखीवर हुशारीसाठी मारलेली सुई ही वेगळी गोष्ट आहे. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक घेण्याचेही तसेच. ते विषाणूला काही करत नाही, पोटातले उपयोगी जंतू मात्र मारते. डॉक्टरने ‘काही लागत नाही, पाणी उकळून प्या, विश्रांती घ्या’ म्हटले तर त्याला पैसे देताना हात आखडू नका. तो खरा डॉक्टर.

विश्रांतीचे मी लिहितो आणि शेतकरी वाचतो, तेव्हा त्याला माझा राग येणे साहजिक आहे. उसाला पाणी द्यायची थ्री-फेज लाईट आठवड्यातले कितीतरी दिवस रात्रीच असते. साप-विंचवात, थंडीत, बॅटरी घेऊन तो बांधावर उभा असतो. झोप तोडलेल्या माणसांत लस टोचल्यावर प्रतिपिंडे कमी तयार होतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. दिवसा वीज मिळावी ही मागणी आपण पिकासाठी करतो, सापाच्या भीतीने करतो. ती आरोग्याची मागणी म्हणूनही करावी.

पण या काठावर सर्वांत उघडी माणसे वेगळीच आहेत. दिवाळी झाली की बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, फडाशेजारी कोप्या पडतात. कोपीला ना नळ, ना संडास. पाणी कालव्याचे नाहीतर विहिरीचे. आई पहाटे फडात जाते, चार वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला सांभाळते. त्याचा गोवराचा नऊ महिन्यांचा डोस गावाकडे झाला; सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा डोस इथे राहिला, कारण नाव तिकडच्या यादीत आहे. गोवर इतका संसर्गजन्य आहे की तो रोखायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात. आणि गोवर नुसते पुरळ देऊन जात नाही. तो शरीराच्या स्मृतिपेशींवरच घाला घालतो. आधी झालेल्या आजारांची जी ओळख शरीराने कमावलेली असते तिचा मोठा भाग पुसला जातो, आणि गोवरातून उठलेले मूल पुढे दोन-तीन वर्षे न्यूमोनियाने, जुलाबाने मरू शकते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच मालेगाव आणि भिवंडीला गोवर उसळला, तो मुख्यतः लस चुकलेल्या मुलांमध्ये. आपल्याकडे अशी मुले दर हंगामात कोप्यांतून येतात, आणि आपल्या शाळेच्या पटावर नसल्यामुळे ती आपल्याला दिसत नाहीत.

त्यांच्या हातच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यात जातो. त्यांच्या मुलांना शिवेबाहेर ठेवून आपण पुण्याला काय सांगणार? मुकादमाला उचल देताना कारखाना कोयत्यांची मोजणी करतो, बैलगाड्यांची करतो, मग त्याच कागदावर पाच वर्षांखालच्या मुलांची नावे लिहून घ्यायला काय अडचण आहे? पुढे तीन रकाने लागतात: झालेले डोस, राहिलेले डोस, पुढची तारीख. ते भरायला आशाताईला टोळीमागे एक संध्याकाळ पुरते. अंधार पडल्यावर, आया फडातून परतल्यावरच तिला जावे लागेल, तर जायला-यायला गाडी हवी, सोबत नर्सताई हवी आणि कोप्यांजवळ क्लोरीन टाकलेल्या पाण्याचा टँकर उभा हवा. ही गाडी आणि हा टँकर देण्याची ऐपत असलेले कारखान्यांचे संचालक मुंबईत राहत नाहीत. ते आपल्याच गावांत राहतात, आपल्याच मतांवर निवडून येतात, आणि गाळपाच्या आधी त्यांची वार्षिक सभा असते. त्या सभेत भावाचा प्रश्न सगळे विचारतात; हा दुसरा प्रश्न एका सभासदाने उभे राहून विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.